ओनोफ्रिओ खरंच गेला

रोक्कासाल्दा,
एप्रिल १९९७

प्रिय मारिलेना,

पाकीट उघडलंस, हेच पुष्कळ. आता पुढे वाचण्याआधी अक्षराकडे नीट बघ. तुझ्या शाळेच्या पुस्तकांवर नाव घालून द्यायची ना मी, तेच हे अक्षर आहे. आता जरा थरथरतं, एवढंच. यात कुणाची थट्टा नाही. त्या दिवशी फोनवरही मीच होते, माझ्या आवाजाची नक्कल करणारा कुणी टवाळ नव्हता. ओनोफ्रिओ गेला. तुझे बाबा गेले, पोरी. पोतेंझाच्या इस्पितळात सकाळी नर्सकडे कॉफी मागितली आणि ती येईपर्यंत सगळं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला तुझ्या आईच्या शेजारी ठेवून आलो. आम्ही म्हणजे अगदी मोजकी माणसं. तीस वर्षं ज्याच्या दारात रांग हटली नाही त्याला पोचवायला मोजकी माणसं! असं का झालं ते सांगायला बसले की माझंच डोकं बधिर होतं, पण सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

तू म्हणालीस, "आत्या, निदान तू तरी!" आणि फोन आपटलास. मी पुन्हा लावला, तू उचलला नाहीस. तुझा राग आला नाही मला. मनात आलं, हिचं तरी काय चुकलं? ज्या गावातून दरवर्षी बापाच्या मरणाची खोटी बातमी निघते, तिथून एकदा खरी आली तर पोरीने ती ओळखायची कशावरून? पण आपल्या माणसाचं मरण आपल्याच माणसाला पटवून द्यावं लागेल, असं मला या वयापर्यंत स्वप्नातही वाटलं नव्हतं. रिसीव्हर हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी शेजारच्या खोलीतून घड्याळजीने, म्हणजे आपल्या भाडेकरूने, येऊन तो माझ्या हातातून काढून घेतला.

खोट्या बातम्यांचं तुला ठाऊक आहे, पण अर्धंच. तू गेल्यानंतरचं गाव तू पाहिलेलं नाहीस. तेव्हा जरा मागून येते, कंटाळू नकोस.

आमचे वडील खेचरावर पिंपं लादून गावात पाणी विकायचे, हे तू शंभरदा ऐकलं असशील. ओनोफ्रिओ नगराध्यक्ष झाला तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं असं लोक चिडवायचे. आणि त्याने पहिलं काम काय केलं? नळ आणले. गावभर बँड, फटाके, पाद्रीबाबांच्या हस्ते तोटीला आशीर्वाद, आणि आमचे वडील दारातल्या खुर्चीवरून त्याला म्हणाले, "वा रे पठ्ठ्या! निवडून आलास आणि पहिला पाय दिलास तो बापाच्याच पोटावर!" वर्षभर ते त्याच्याशी बोलले नाहीत. मत मात्र पुढच्या खेपेलाही त्यालाच दिलं. रागलोभ वेगळा आणि मत वेगळं. मत घरच्याला द्यायचं असतं, मग घरचा कसाही असो.

पुढे तो रोमला गेला. खासदार झाला, उपमंत्री झाला आणि मग डाक-तार खात्याचा मंत्री. दर शनिवारी घरी यायचा आणि सकाळपासून आपल्या स्वयंपाकघराच्या दारापासून थेट कारंजापर्यंत रांग लागायची. तू दप्तर घेऊन त्या रांगेतून वाट काढत शाळेत जायचीस आणि प्रत्येक जण तुझ्या गालाला हात लावायचा. परत येऊन गाल घासघासून धुवायचीस, आठवतं? लोक चीज आणत, ऑलिव्हचं तेल आणत, पाय बांधलेल्या जिवंत कोंबड्या आणत. त्या नुंत्सिओची आई दोन शनिवार ठिय्या देऊन बसली होती. "साहेब, माझ्या पोराला पोस्टात चिकटवा." ओनोफ्रिओ म्हणाला, "अगं बाई, तुझा पोरगा कुत्रं दिसलं की झाडावर चढतो. पोस्टमन कसा होणार तो?" ती म्हणाली, "मग शहरात पाठवा ना साहेब, तिथे कुत्री बांधलेली असतात!" झालं, नुंत्सिओ तुरीनला पोस्टमन.

असे नुंत्सिओ किती झाले म्हणून सांगू! मिलान म्हणू नकोस, जेनोवा म्हणू नकोस, आपल्या गावचा माणूस नाही असं पोस्ट ऑफिस उत्तरेत शोधून सापडायचं नाही. गावाला वाटायचं, आपला माणूस मंत्री आहे तोवर आपल्याला कसली ददात नाही. आणि गाव रिकामं होत चाललंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ज्यांना नोकऱ्या लावल्या ते बायकापोरांसकट तिकडे गेले, त्यांची मतंही त्यांच्याबरोबर गेली. शेवटच्या निवडणुकीत ओनोफ्रिओ आपटला तो यामुळेच. मी त्याला म्हटलं, "अरे, गावाला तूच तिकीट चिकटवून रवाना केलंस, आता मतं काय चर्चमधले पुतळे देणार?" तो पोट धरून हसला. हसण्याच्या बाबतीत त्याचा हात कुणाला धरता आला नाही, शत्रूंनासुद्धा नाही.

पण ते नंतरचं. आधी तुझ्या निकालाचं ते जेवण. नको वाटतं ना तो विषय? मलाही नको वाटतो, पण इथून पुढे जाता येत नाही. आपल्या जेवणघरातला तो काळा टेलिफोन म्हणजे गावाचं दैवत होतं. नोकरी, पेन्शन, इस्पितळातली खाट, परीक्षेचा निकाल, सगळ्याला साहेबांचा एक फोन लागायचा. फोन गेला की काम झालं. नाही गेला तर तुम्ही कितीही हुशार असा, बसा घरी. हे बरं की वाईट असं आपल्याकडे कुणी विचारत नसे. उलट ओळख असून आपल्या लेकरासाठी फोन केला नाही तर त्या बापाला काळीज नाही, अशी रीत. आणि तुला हेच आवडायचं नाही. शिक्षकांच्या परीक्षेला बसलीस तेव्हा तू त्याला बजावलं होतंस, "बाबा, त्या फोनला हात लावायचा नाही." तो म्हणाला, "नाही लावत, बाई."

तू जिल्ह्यात पहिली आलीस. मी कोकराचं मांस भाजलं, हाताने शेवया वळल्या, गावातली सगळी बडी धेंडं जेवायला आली. जाड्या नोटरीने पेला उचलून म्हटलं, "पोरगी हुशार आहे यात वादच नाही. पण साहेब, खरं सांगा, एक छोटासा फोन गेलाच असेल की!" सगळे हसले. ओनोफ्रिओने फक्त एक बोट डोळ्याखाली लावलं आणि पापणी जराशी खाली ओढली. बस्स. त्याचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो: आम्ही काय कच्च्या गुरूचे चेले आहोत होय! टेबलभर टाळ्या पडल्या. तू काटा खाली ठेवलास. स्वयंपाकघरात त्याला गाठून विचारलंस, "फोन केलात?" मी तिथेच चुलीपाशी होते. तो म्हणाला, "मी बाप आहे तुझा, मारिलेना." एवढंच. तू आणखी दोनदा विचारलंस आणि तो दोन्ही वेळा तेच म्हणाला. त्या आठवड्यात तू नोकरी नाकारल्याचं कळवलंस आणि सोमवारच्या बसने गेलीस. जिने इतिहास शिकवायचा ती बारा वर्षं त्रिएस्तेच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांत बूट चढवते आहे.

मी त्याच्याशी भांडले. कितीदा तरी भांडले. "तिची माफी माग" म्हटलं की तो म्हणायचा, "ताई, निवडणूक होऊन जाऊ दे." ती झाली की दुसरी. मग तो पडला, तेव्हा म्हणाला, "आता काय सांगणार? पडलेल्या माणसाचं कोण खरं मानतं?" मला वाटायचं लाज वाटते त्याला, म्हणून टाळतो.

तो पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गावभर काळ्या चौकटीचे कागद लागले. कुणी मेलं की आपण भिंतींवर लावतो तेच कागद, तोच क्रूस, तीच अक्षरं. मजकूर असा: "तीस वर्षे खुर्चीवर बसून थकलेले आपले लाडके ओनोफ्रिओ यांचे मतपेटीत आकस्मिक निधन झाले. शोकाकुल: खुर्ची, सरकारी मोटार आणि नोकरी न लागलेले पोस्टमन. फुले आणू नयेत." निवडणूक हरलेल्याची अशी प्रेतयात्रा काढायची चाल जुनीच आहे, त्याने स्वतः विरोधकांच्या काढलेल्या आहेत. पण याची काढली ती सगळ्यांहून मोठी. रिकामी शवपेटी, बँड, खोटं रडणाऱ्या बायका. घंटा वाजवणाऱ्या साक्रिस्तानला दारू पाजून मयताची घंटासुद्धा वाजवून घेतली. यात्रा आपल्या घराखाली आली तेव्हा ओनोफ्रिओ गच्चीत गेला, टोपी काढली, आपल्याच पेटीला नमस्कार केला आणि मला ओरडून सांगितलं, "ताई, खाली दारू पाठव! मयताच्या घरून कुणी कोरड्या घशाने जायचं नाही!" असा जयजयकार झाला म्हणून सांगते! मत न देणारेच त्याला खांद्यावर घ्यायला निघाले.

तेव्हापासून दर वर्षी त्याच आठवड्यात कागद लागायचे. पहिली पुण्यतिथी, दुसरी पुण्यतिथी. गावाला तेवढीच करमणूक. ओनोफ्रिओ सकाळी मुद्दाम फिरायला निघायचा आणि भिंतीपुढे उभा राहून मोठ्याने वाचायचा. एकदाच तो हसला नाही. पहिल्या वर्षी कुणी हलकटाने तुझ्या दुकानात फोन करून रडक्या आवाजात बातमी दिली, आणि तू मिळेल त्या गाडीने निघालीस. बोलोन्याच्या स्टेशनवरून तू मला फोन केलास आणि मी म्हटलं, अगं तो तर बागेत टोमॅटोची रोपं लावतोय. तू तिथूनच परत फिरलीस. हे त्याला सांगितलं तेव्हा तो हातातलं रोप तसंच धरून उभा राहिला. मग म्हणाला, "निघाली होती?" आणि पुन्हा थोड्या वेळाने, "अर्ध्या वाटेपर्यंत आली होती म्हणतेस?" त्या दिवशी तो जेवला नाही.

आता कळलं ना तुला, काय झालं असेल ते? तो गेला तो नेमका याच आठवड्यात. तिसऱ्या पुण्यतिथीच्या आठवड्यात! देवाला दुसरा मुहूर्त सापडला नाही. इस्पितळातून मी परस्पर जेरार्दोच्या छापखान्यात गेले. खोटे कागद छापणाराही तोच आणि खरे छापणाराही तोच, गावात दुसरा छापखाना आहे कुठे? जेरार्दो माझा चेहरा बघून उभा राहिला आणि रडायला लागला. यंदाचे थट्टेचे कागद त्याच्या टेबलावर छापून तयार होते. ते त्याने माझ्यासमोर शेगडीत घातले. मग म्हणाला, "एर्सिलियाताई, छापतो मी. पण लोक खरं मानतील का हो?" मला त्याचा रागच आला. म्हटलं, "मरणाची कसली खात्री पटवायची? छाप मुकाट्याने."

संध्याकाळी कागद लागले. मी काळे कपडे आणायला शिंपिणीकडे चालले होते, तर बेकरीच्या भिंतीपाशी बायका वाचत उभ्या. एक म्हणाली, "यंदा वय अगदी बरोबर घातलंय गं!" दुसरी म्हणाली, "पण मजा नाही राहिली, हसू येण्यासारखं काहीच नाही यात." मी म्हटलं, "बायांनो, तो खरंच गेला." त्या माझ्याकडे बघून हसल्या, मारिलेना. एकीने माझ्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाली, "ताई, भावाने तुम्हालाही नाटकात घेतलं का शेवटी?" ओरडावं तर ओरडता येईना, रडावं तर त्यांना तेही नाटकच वाटलं असतं. मी चालायला लागले, आणि मागून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली तर लोक म्हणाले, साक्रिस्तान पुन्हा प्यायलाय. शवाची गाडी चौकात शिरली. गाडीमागे मी, पाद्री आनिएल्लो, जेरार्दो, घड्याळजी आणि चार-पाच जण. बारच्या बाहेर नेहमीचे सगळे पत्ते कुटत बसले होते. ते उठले आणि पेले उंच करून ओरडले, "मंत्रीसाहेब, यंदा गाडी झकास आणलीत! पेटीत उकडत नाही ना?" आणि हशा. त्या हशातच आम्ही चौक ओलांडला. मग त्यांच्यातल्या कुणीतरी माझ्याकडे पाहिलं असावं. मागे हळूहळू गप्प होत गेलेलं मला ऐकू आलं, खुर्ची पडल्याचा आवाज आला, पण मी मान वळवली नाही. चर्चमध्ये बाकं रिकामी. ज्या चर्चचं छप्पर त्याने सरकारकडून दुरुस्त करून घेतलं, त्या छपराखाली पाद्री आनिएल्लोंचा आवाज घुमत होता आणि आमेन म्हणायला सुद्धा आम्ही कमी पडत होतो. सगळ्यात मागच्या बाकावर मात्र एक अनोळखी म्हातारा टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. परगावचा होता, म्हणून तर आला. त्याला बातमी वर्तमानपत्रात दिसली होती आणि ती खोटी असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

घरी आले. मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजारणी आठवडाभर जेवण आणतात. आमच्या आईच्या वेळी, तुझ्या आईच्या वेळी भांडी ठेवायला जागा नव्हती. मी टेबलाशी बसले आणि दाराकडे बघत राहिले. एक वाटीसुद्धा आली नाही. पोटात भूक होती आणि तिची मला लाज वाटत होती. ज्या दारात कोंबड्या ठेवायला जागा पुरायची नाही, त्या दारात कुत्रंही फिरकलं नाही. तेवढ्यात तो चर्चमधला म्हातारा आला. नाव सांगितलं, प्राध्यापक सावेरिओ, पोतेंझाचे. शेवटी मी रीत मोडली, चूल पेटवली आणि त्यांच्यासाठी कॉफी ठेवली.

आधी हे लिहून टाकते की अंधार पडेपर्यंत गाव जागं झालं. रडत, छाती बडवत, भांडी घेऊन सगळे आले. ती बेकरीपाशी चिमटा काढणारी तर उंबऱ्यावर गुडघे टेकून बसली. मी दार उघडून दिलं आणि आत जाऊन पडले. त्यांना क्षमा करायची की नाही ते मी पाद्री आनिएल्लोंवर सोपवलं आहे. मला धक्का बसला तो त्यांचा नाही. म्हणजे बसला, पण त्याहून मोठा त्याआधीच बसून गेला होता, माझ्याच स्वयंपाकघरात, कॉफी उतू जात असताना.

प्राध्यापक सावेरिओ म्हणाले, "बाई, मी मंत्रीसाहेबांना दोनदाच भेटलो. पण त्यांच्या मुलीला मी विसरलेलो नाही. तिच्या परीक्षेचा अध्यक्ष मी होतो." मला वाटलं, आता हा सांगणार फोन कसा आला ते. ते म्हणाले, "तोंडी परीक्षेत मी तिला विचारलं, आपल्या डोंगरातल्या दरोडेखोरांचा बंदोबस्त सरकारने कसा केला? ती म्हणाली, सर, आधी ते दरोडेखोर होते की उपाशी शेतकरी ते ठरवा, मग प्रश्न विचारा." खरं का हे? हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. ते पुढे म्हणाले, "मला वाटलं, पोरगी इतकं ताडकन बोलते म्हणजे बापाच्या फोनच्या जोरावर बोलत असणार. पेपर तपासले तर पहिली. आता फोन येईल म्हणून मी वाट बघत बसलो. प्रत्येकाच्या बापाचा, मामाचा, पाद्र्याचा फोन येऊन गेला होता. खुद्द मंत्र्याचा नाही, हे कसं शक्य आहे? मला भीती वाटायला लागली, माझ्यावर रागावलेत की काय! मी निकाल अडवून धरला. फोन आलाच नाही. शेवटी आहे तसा लावून टाकला."

मारिलेना, कॉफी उतू जात होती. मी म्हटलं, "तुम्ही विसरत असाल." ते म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी एका रस्त्याच्या उद्‌घाटनाला साहेब भेटले, तेव्हा मी स्वतः त्यांना विचारलं. साहेब, मुलीसाठी फोन केला नाहीत? ते म्हणाले, गरज काय होती? ती माझ्याहून हुशार आहे. आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, पण प्राध्यापक, हे कुठे बोलू नका हं. पोटच्या पोरीसाठी ज्याने फोन उचलला नाही, तो आपल्यासाठी काय उचलणार, असं म्हणतील लोक. मला मत कोण देईल?"

त्याने फोन केला नव्हता. कळतंय का तुला मी काय लिहिते आहे? तुला दिलेला शब्द त्याने पाळला होता, आणि पाळला हे गावाला कळू नये म्हणून डोळ्याला बोट लावलं होतं. बारा वर्षं! पोरगी घर सोडून गेली, शिकवणं सोडलं, आणि हा माणूस "मी बाप आहे तुझा" म्हणून गप्प बसला, कारण न केलेल्या फोनची लाज वाटत होती! केला असता तर एकवेळ मी समजू शकले असते. मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलं, त्याचे सगळे गुण-अवगुण मला पाठ, असं मी समजत होते. आणि तो तर मला माहीतच नव्हता. त्याच्या मरणाची बातमी कळवायला एक तार पुरली असती, पोरी. हे पत्र त्यासाठी नाही. तू पहिली आली होतीस, स्वतःच्या बळावर, कुणाचं बोटही न लागता. जगात हे दोघांना माहीत होतं, त्यातला एक मेला आणि दुसरा म्हातारा आहे, म्हणून घाईने लिहिते आहे. महिना भरल्यावर त्याच्यासाठी प्रार्थना आहे, तिला ये किंवा येऊ नकोस, मी आग्रह करणार नाही. मला अजून रडूच आलेलं नाही, इतकी मी त्याच्यावर संतापले आहे. पण ते बूट ठेव खाली, मारिलेना, आणि वर्गावर जा.

तुझीच,
अजून सावरू न शकलेली,
एर्सिलिया आत्या